तिळाचे लाडू दरवर्षी बिघडतात? गॅस बंद केल्यावर काय होतंय ते आधी बघा

नाताळची सुट्टी लागली की माझी दोन भाचरं आमच्याकडे डोंबिवलीला येतात, दोन दिवस टीव्ही, तिसऱ्या दिवशी भांडणं, आणि चौथ्या दिवशी "मामी काहीतरी सोप्पं करूया ना" सुरू. मग फोनवर कुठलातरी व्हिडिओ निघतो, फक्त ३ साहित्यात १० मिनिटांत तिळगूळ, आणि मी दरवर्षी त्याला बळी पडते. साहित्य ३ च आहे हे खरंय हो. पण पोहे बिघडले तर पाण्याचा हबका मारून सावरता येतात, पाक बिघडला की तो बिघडलेलाच.

माझा इतिहास ऐका म्हणजे तुमचा लाडू कुठल्या वर्षातला ते तुम्हाला कळेल. पहिल्या वर्षी लाडू इतके कडक झाले की सासऱ्यांनी एक चहात बुडवून ठेवला आणि चहा संपल्यावर तो तसाच्या तसा बशीत काढून ठेवला, बोलले काही नाहीत. दुसऱ्या वर्षी घाबरून पाक कमी केला तर लाडू वळलेच जाईनात, मूठ उघडली की सगळं मोकळं, शेवटी संक्रांतीला लोकांना चमच्याने हातावर तीळ दिले. तिसऱ्या वर्षी रात्री एकदम छान झाले, मी स्वतःची पाठ थोपटून घेतली, सकाळी डबा उघडला तर चाळीस लाडवांचा मिळून एकच लाडू.

तिन्ही वेळा माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, पाकाची मिनिटं. ४ मिनिटं उकळला तर दगड, मग ३ करू, ३ ला सुटतात मग साडेतीन. चौथ्या वर्षी चिडून एकेक वाटीचे चार छोटे घाणे केले, वहीत लिहीत लिहीत, तेव्हा लक्षात आलं की माझा पाक बऱ्याच वेळा बरोबर होत होता, वाट लागत होती ती गॅस बंद केल्यानंतरच्या पाच मिनिटांत. आणि त्या पाच मिनिटांबद्दल व्हिडिओत एक अक्षर नसतं, कारण तिथे ते कापलेलं असतं.

आधी माप सांगते म्हणजे पुढचं बोलणं एका घाण्याबद्दल राहील. तीळ २५० ग्रॅम, चिक्कीचा गूळ २५० ग्रॅम, दाण्याचं जाडसर कूट १०० ग्रॅम, मूठभर डाळं, मूठभर सुक्या खोबऱ्याचा कीस, तूप २ चमचे, वेलची. तीळ बिनपॉलिशचे घ्या, पांढरेशुभ्र पॉलिशवाले दिसायला छान पण लाडवात त्यांना तेवढा खमंगपणा येत नाही, ते वडीला ठेवा. पहिल्यांदा करणार असाल तर हे माप पण निम्मं करा. अर्धा किलोचा घाणा चार हात असतील तरच घ्यायचा, एकटीने नाही.

आता पाक. गूळ उकळतो तेव्हा त्यातलं पाणी उडत असतं, आणि पाणी जितकं कमी होतं तितकं त्याचं तापमान वर चढतं, बस एवढंच चाललेलं असतं कढईत. साध्या पाण्यासारखा तो १०० वर थांबत नाही. ११५ डिग्रीच्या आसपास असताना गार केला तर मऊ गोळी होते, १२० च्या पुढेमागे घट्ट गोळी, आणि १४५-१५० ला गेला की काचेसारखा कडकडीत मोडतो, ती झाली चिक्की. लाडवाला आपल्याला मधला पाहिजे, ज्याला आई गोळीबंद पाक म्हणते. आणि मऊ गोळीपासून काचेपर्यंत जायला छोट्या घाण्यात फार वेळ लागत नाही, म्हणून घड्याळ लावून हा पाक होत नाही. तुमची कढई वेगळी, शेगडी वेगळी, गुळात पाणी किती ते वेगळं, मग व्हिडिओवालीची ४ मिनिटं तुमची ४ मिनिटं कशी होतील?

थर्मामीटर मी पण मागवला होता. पाव किलो गुळाचा पाक कढईत बोटभरसुद्धा खोल नसतो, दांडी बुडाला टेकते आणि आकडा पाकाचा नाही तर कढईचा दिसतो. कढई तिरकी धरून बघता येतं पण दुसऱ्या हाताने ढवळणार कोण. ठेवलाय ड्रॉवरमध्ये.

त्यापेक्षा पाण्याची वाटी. गूळ किसून किंवा बारीक चिरून घ्या, खडे नकोत, कारण एक खडा विरघळेपर्यंत बाकीचा पाक पुढे निघून जातो. कढईत तूप, गूळ आणि एखाद-दोन चमचे पाणी, मंद ते मध्यम आच. आधी मोठे पातळ बुडबुडे येतात, तेव्हा काही बघायचं नाही. मग फेस बारीक आणि दाट होतो, रंग जरा गडद होतो, बुडबुडे आळसावल्यासारखे फुटायला लागतात, तिथून वाटीत थेंब टाकायला सुरुवात करा. थेंब पाण्यात पसरला तर अजून वेळ आहे. खाली बसला पण बोटाने दाबल्यावर चपटा झाला तर जवळ आलात. त्याची गोळी झाली, दाबल्यावर थोडीशीच दबली आणि वाटीच्या कडेवर टाकली की टण् वाजली, तर झाला. गोळीऐवजी तार होऊन ती कट्कन मोडली तर लाडवाच्या पुढे गेलात, लगेच ताटात थापून चिक्की करून मोकळे व्हा, लाडवाचा हट्ट धरू नका. पाणी नळाचंच घ्या, फ्रिजचं नको, बर्फासारख्या पाण्यात कच्चा पाक पण कडक लागतो आणि आपण फसतो. मी एका घाण्यात अशीच फसले.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. थेंब टाकून, गार होऊ देऊन, बोटाने उचलून, नवऱ्याला दाखवून, "झाला का रे?" विचारेपर्यंत वीस-तीस सेकंद जातात, आणि तेवढा वेळ खाली गॅस चालू असतो!! म्हणजे वाटीतला थेंब गोळीबंद असतो आणि कढईतला पाक तोपर्यंत चिक्कीच्या रस्त्याला लागलेला असतो. म्हणून प्रत्येक थेंबाच्या वेळी गॅस बंद करायचा. बारीक नाही, बंद. नसेल झाला तर परत चालू करा, काही बिघडत नाही, कमी झालेला पाक पुढे नेता येतो, पुढे गेलेला सरळ मागे येत नाही.

गॅस बंद केला तरी कढई गरम असतेच. माझी बिडाची कढई आहे, जाड बुडाची, ती गॅस बंद केल्यावरही पाक शिजवत राहते, डोळ्याने बुडबुडे दिसतात. अशा कढईत गोळी जरा मऊ असतानाच थांबायचं आणि लगेच तीळ घालायचे. पातळ अ‍ॅल्युमिनियमची असेल तर उलटं, ती पटकन गार होते, तिथे पूर्ण टण् वाजेपर्यंत जा. पहिल्या वर्षीचे माझे दगड या बिडाच्या कढईतले, आणि दुसऱ्या वर्षी मी घाबरून पाकही कमी केला आणि आईची पातळ कढई पण आणली, मग सुटले तर नवल काय.

पण सुटण्याचं अजून एक कारण आहे आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं. थंड तीळ. आपण काय करतो, सकाळी तीळ भाजून ठेवतो, कूट करून ठेवतो, मग जेवणं, आवराआवर, आणि दुपारी पाक. थंडीच्या दिवसांत ते तीळ गार पडलेले असतात. त्यात १२० डिग्रीचा पाक ओतला की चारशे ग्रॅम गार जिन्नस त्याला जागच्या जागी निम्म्यावर आणतो, पाक तिळांना नीट लागायच्या आधीच आवळतो, अर्धे तीळ गुळाने माखलेले आणि अर्धे कोरडे. मग आपल्याला वाटतं गूळ कमी पडला. पुढच्या वेळी गूळ वाढवतो, पाक पुढे नेतो, की आलो परत दगडावर. तीन वर्षं हीच फुगडी चालली होती माझी.

उपाय अगदी साधा, पाक होईपर्यंत तीळ, कूट, डाळं, खोबरं सगळं एका पातेल्यात एकत्र करून शेजारच्या शेगडीवर गरम तव्यावर ठेवायचं. हाताला छान ऊन लागेल इतपत. अजून भाजायचे नाहीत, तीळ करपले की कडू होतात आणि त्या कडूपणावर काही औषध नाही. भाजताना पण मंद आचेवर, तडतडायला लागले आणि चिमटीत चुरडल्यावर खमंग वास आला की लगेच ताटात काढा, गरम कढईत तसेच राहिले तर तिथेच करपतात. (हे पण गॅस बंद केल्यानंतरचंच, बघा.)

गरम तीळ पाकात घातले, भराभर ढवळले, की कढई उचलून त्या गरम तव्यावर ठेवा, गॅस एकदम बारीक किंवा बंद. वळताना मिश्रण ऊबेत राहिलं पाहिजे. मग चमच्याने छोटे छोटे ढीग तूप लावलेल्या ताटात काढायचे, आठ-दहा एका वेळी, आणि जरा निवले की ते वळायचे, तोपर्यंत कढईतलं हलवत राहायचं. थेट कढईत हात घालून लाडू वळणाऱ्या बायका मी बघितल्यात, माझ्या आत्येसासूबाई करायच्या, त्यांच्या हाताला नमस्कार, पण आपण ते करू नये. पाक उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतो आणि चिकटतो, पाण्यासारखा निथळून जात नाही. पोरं मदतीला असतील तर त्यांना ताटातले ढीगच द्यायचे, कढईजवळ नाही, आणि शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवायचं. हाताला पाणी लावायचं की तूप यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. माझं मत, नुसता ओलसर हात, निथळता नको, जास्त पाणी लागलं तर लाडू दुसऱ्या दिवशी चिकट, आणि तूप जास्त झालं तर लाडू धरत नाही.

मध्येच मिश्रण आवळलं तर जोर लावू नका, अर्धा-एक मिनिट बारीक गॅसवर ठेवा, परत सैल होतं. असं एकदा-दोनदा चालतं, चौथ्यांदा केलंत तर पाक पुढे जातोच.

आता गूळ. लेबल न बघता आणायचा नाही, कारण चिक्कीचा गूळ आणि साधा गूळ हे लाडवासाठी दोन वेगळे पदार्थ आहेत असंच समजा. चिक्कीचा गूळ चकचकीत, फोडला तर काचेसारखा तुटतो, संक्रांतीच्या आधी महिनाभर वाण्याकडे मिळायला लागतो. कोल्हापूरचा गूळ नावाजलेला, त्याला भौगोलिक मानांकन पण आहे, पण तुम्ही पोळीसाठी आणलेला मऊ कोल्हापुरी गूळ घेऊन कुरकुरीत लाडू करायला गेलात तर दोष कोल्हापूरचा नाही. त्यात थंडीत गुऱ्हाळं सुरू झालेली असतात, नवीन गूळ बाजारात येतो तो ओलसर असतो, त्याचा पाक व्हायला जुन्या गुळापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून गेल्या वर्षीची मिनिटं या वर्षी लागू होत नाहीत. साधाच गूळ असेल तर त्यात दोन चमचे साखर घाला, जरा कुरकुरीत होतात, चिक्कीच्या गुळासारखे नाहीत पण होतात. काळपट गूळ चवीला मला फार आवडतो पण तो ओल पटकन ओढतो, त्याचे लाडू दोन दिवसांत संपवायचे. आणि पिवळाधमक गूळ म्हणजे चांगला असं काही नाही, रंग उजळ दिसावा म्हणून काही जण त्यात हायड्रोस नावाची रंग उजळवणारी रासायनिक पावडर वापरतात.

सकाळी डब्यात चिकटलेले असतात त्याचं काय? दोन कारणं. एक, पाक कमी झाला, गोळी मऊ असतानाच थांबलात. दोन, गरम लाडू डब्यात भरले आणि झाकण लावलं, आत वाफ धरली, गुळाने ती पिऊन टाकली. तिसऱ्या वर्षी माझं हे दुसरं झालं होतं, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, झोप आलेली, भरले डब्यात. पूर्ण गार होऊ द्या, दोन-तीन तास ताटात, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. आम्ही मुंबईकडचे, आमच्याकडे हवाच दमट, नाशिक-नगरकडे हा त्रास कमी.

सोडा घालतात काही जण, चिमूटभर, गॅस बंद केल्यावर, पाक फसफसून वर येतो, रंग हलका होतो आणि लाडू खुसखुशीत होतात. खरंच होतात. पण चिमूट म्हणजे चिमूट, भाच्याने पाव चमचा घातला होता आणि आम्ही तीन दिवस साबण खाल्ला.

माझी बहीण न्यू जर्सीला असते, तिचे लाडू नेहमी कडक, आणि ती मला व्हिडिओ कॉलवर दाखवते, बघ मी बरोबर वेळेवर बंद केलं. तिच्याकडे कॉईलची इलेक्ट्रिक शेगडी आहे. बटण बंद केलं तरी कॉईल लाल ती लालच, आणि कढई तिच्यावरच! तिथे बंद करून उपयोग नाही, कढई उचलून बाजूला ठेवायची. एवढं केलं आणि तिचे सुधारले. इंडक्शनला उलटं, तिथे उष्णता लगेच थांबते, भांडं पातळ असेल तर तीळ जास्तच गरम करून घ्या.

बिघडलेल्यांचं काय करायचं ते सांगते, कारण हे वाचणाऱ्या निम्म्या जणांच्या पुढ्यात आत्ता डबा असेल. दगड झाले असतील तर खलबत्त्यात फोडा, कढईत दोन-तीन चमचे पाणी आणि चमचाभर तूप घालून अगदी मंद आचेवर विरघळू द्या, पाणी परत मिळाल्याने पाक सैलावतो, मग वाटी घेऊन परत थेंब बघा आणि वळा. रूप पहिल्यासारखं येत नाही, तीळ जरा मोडतात, चवीला छान. वळतच नसतील तर दोन-तीन चमचे गुळाचा वेगळा गोळीबंद पाक करून त्यात ते सगळं मोकळं मिश्रण गरम करून घाला. चिकट झालेले तसेच ताटात थापून, वड्या पाडून टाका, कोणाला कळत नाही. आणि यातलं काहीच करायचा उत्साह नसेल तर मिक्सरला फिरवा, थोडं भाजलेलं बेसन घाला, गुळपोळीचं सारण तयार. गुळपोळी फुटते, सारण बाहेर येतं, तव्यावर काळं होतं, ते दुखणं वेगळं आहे, थोडक्यात सांगायचं तर सारण आणि कणीक दोन्ही सारख्याच घट्ट पाहिजेत आणि गुळात एकही खडा नको.

आणि पोरांबरोबर खरंच सोप्पं करायचं असेल, म्हणजे सुट्टीतलं सोप्पं, तर पाक करूच नका. एक वाटी भाजलेले तीळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट, पाऊण वाटी चिरलेला साधा मऊ गूळ, वेलची. तीळ थंड करून मिक्सरला थांबत थांबत फिरवा, मग कूट आणि गूळ घालून परत, थांबत थांबतच, सलग फिरवलं तर तेल सुटून लोण्यासारखं होतं. तिळाचं निम्मं वजन तेलच असतं जवळजवळ, त्यामुळे तेवढ्यावरच लाडू वळला जातो, तूप लागलंच तर चमचाभर. हे मऊ होतात, कुरकुरीत नाही, पण आजी-आजोबांना चावतात आणि सहा वर्षांच्या भाचीने एकटीने वीस वळले, लहानमोठे, एक तर चौकोनी होता.

यंदा मी दोन्ही करणार आहे, पोरांचे बिनपाकाचे सुट्टीत, आणि पाकाचे भोगीच्या आदल्या रात्री, अर्ध्या मापाचे दोन घाणे. तुमचे कसे बिघडतात ते लिहा, पण लिहिताना कढई कुठली आणि तीळ गरम होते का थंड ते नक्की सांगा, नुसतं "४ मिनिटं उकळला होता" सांगितलंत तर मला काही सांगता येणार नाही.